बाविसाव्या ओळीतला निळा मणी

तुम्ही एका म्हातारीचा मणी झाकलात. तीन इंच बाय तीन इंचाचा लाल तुकडा कापलात, बोटाने नीट दाबून चिकटवलात आणि हात झटकून निघून गेलात. त्या दिवशी तिच्या उजव्या डोळ्यात फक्त कडेकडेची नजर उरली होती, डाव्यात तेवढीही नव्हती, आणि हे तुमच्या नगरपालिकेच्या कचेरीला ठाऊक होतं. अर्जाच्या पत्रात तिसऱ्याच ओळीत लिहिलं होतं ते. अर्ज वाचलाच नाही म्हणत असाल, तर मंजूर कशाच्या जोरावर केलात? वाचला असेल, तर त्या भिंतीसमोर उभं राहून तुकडा चिकटवताना तुमच्यातल्या एकालाही काहीच कसं वाटलं नाही?

पहिल्यापासून सांगायला हवं, कारण तुमच्या फायलीत पहिलं पान नाही.

फिलोमीन लगार्डला कॉर्मोरंट बे या सरोवरकाठच्या गावात कोण ओळखत नाही? बर्फावरच्या हॉकीच्या जुन्या रिंगणात, जे तुम्ही पाडलंत त्यात, तिने सव्वीस वर्षं कँटीन चालवलं. गावातली निम्मी पोरं तिच्या हातचा गरम बॅनॉक, म्हणजे तव्यावरची जाड रोटी, खाऊन बर्फावर उतरली, पडली, दात पाडून पुन्हा तिच्याच खिडकीशी आली. गिऱ्हाईक नसलं की ती काउंटरखालून मण्यांचा छोटा माग काढायची. पट्टे, पिशव्या, लग्नात घालायचे मऊ कातडी जोडे, मोकासिन. तिच्या आईचं हेच काम, आजीचंही हेच. सरोवरावरून वारा सुटला की पत्रे धडधडायचे, आणि फिलोमीन सुईच्या टोकावर मणी उचलत शांत बसलेली असायची.

मग डोळे गेले. एका दिवसात नाही, चार वर्षांत, मधल्या भागापासून. समोर पाहिलं की समोरचंच गायब, बाजूचं मात्र दिसतं. ती हसून सांगायची, "मला हल्ली लोकांचे कानच दिसतात. गावात कोणाचे कान कसे आहेत ते मला विचारा." सुईचं नेढं कुठलं दिसायला? माग कपाटात गेला.

तो कपाटातून बाहेर काढला तिच्या भाचीने. रोंडा बॅनन. लेहतिनेनच्या छपाईच्या दुकानात अठरा वर्षं नोकरी: होडीवरचं नाव, मासेमारीच्या स्पर्धेचा फलक, हॉकीच्या संघाचं बॅनर, मेलेल्या कुत्र्याचा फोटो कॅनव्हासवर. जे येईल ते छापायचं. एका रविवारी ती मावशीकडे टॅबलेट घेऊन गेली. पडद्यावर चौकटींची जाळी होती. रोंडाने ती बोटांनी ताणत ताणत एवढी मोठी केली, की एकेक चौकट अंगठ्याच्या नखाएवढी झाली.

"मावशी, एक चौकट म्हणजे एक मणी. रंगावर बोट ठेव, मग चौकटीवर ठेव. सुई नाही, दोरा नाही."

मावशीने मान डावीकडे वळवून उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हे मणी हाताला लागत नाहीत गं."

"नाही लागत."

"सांडतही नाहीत."

"सांडतही नाहीत."

"मग चालेल," मावशी म्हणाली. "माझं निम्मं आयुष्य जमिनीवरचे मणी वेचण्यात गेलंय."

पाच महिने लागले. आडवे शहाण्णव मणी, उभे चाळीस. पांढऱ्या जमिनीवर स्ट्रॉबेरीचा वेल: तीन लाल फळं, दोन फुलं, हिरवी पानं आणि काळ्या देठाचं एक लांब वळण. काम झालं त्या दिवशी रोंडाने चित्र तपासलं. अठरा वर्षांची सवय, दुसऱ्याच्या चुका शोधण्याचीच. बाविसाव्या ओळीत, डावीकडून एकसष्टाव्या घरात, लालभडक फळाच्या पोटात एक निळा मणी. तिचं बोट लाल रंगावर गेलंसुद्धा.

"थांब," मावशी म्हणाली. बोट तिला दिसलं नव्हतं. रोंडा गप्प झाली एवढ्यावरूनच तिने ओळखलं. "निळ्यावर पोचलीस ना?"

"स्ट्रॉबेरीत पडलाय मावशी, म्हटलं चुकून—"

"पडला नाही. ठेवलाय." मग जरा चिडूनच, "लहानपणी माझ्या मांडीवर बसून ऐकलं होतंस की. विसरलीस? दुकानात राहून राहून अक्कल पण चकचकीत झालीय तुझी."

रोंडाला आठवलं, आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या. या घरात प्रत्येक कामात एक मणी मुद्दाम चुकवतात. बिनचूक करणारा वर एकच आहे, माणसाने त्याची बरोबरी करायला जाऊ नये. आईने मुलीला, मुलीने तिच्या मुलीला सांगत आलेलं. दुसऱ्या घरांत असेल नसेल, या घरात होतं. आणि मावशीने सव्वीस वर्षांत जे जे ओवलं, त्यात तिचा चुकीचा मणी नेहमी निळाच. पिशवी कोणाचीही असो, निळा सापडला की ती फिलोमीनची.

आता तुमचा ऑनलाइन फॉर्म.

नव्या रिंगणाच्या प्रवेशाच्या भिंतीसाठी गावातल्या कलाकारांकडून चित्रं मागवली होतीत. भिंतीवरची जागा चोवीस फूट रुंद, दहा फूट उंच. रोंडाने फूटपट्टीवर नाही, मनातच हिशोब केला आणि ती खुर्चीतून उठलीच. चोवीस फुटांचे दोनशे अठ्ठ्याऐंशी इंच, भागिले शहाण्णव मणी: एक मणी बरोबर तीन इंचांचा. दहा फुटांचे एकशे वीस इंच, भागिले चाळीस: पुन्हा तीन. एक सूतभर इकडे नाही की तिकडे नाही. जणू भिंत बांधणाऱ्याने मावशीला विचारून बांधली होती.

"तीन इंच म्हणजे केवढं?" मावशीने विचारलं.

रोंडाने तिचा तळवा हातात घेतला आणि चार बोटं सोडून उरलेल्या भागावर चौकोन काढून दाखवला.

मावशीने तो चौकोन दुसऱ्या हाताच्या बोटाने पुन्हा गिरवला. मग म्हणाली, "एवढा मणी मला दिसेल. लांबून दिसेल."

"डॉक्टर काय म्हणाले, कधीपर्यंत?"

"पुढचा बर्फ कदाचित बघीन, म्हणाले. त्याच्या पुढचा नाही. त्यांचेही कान मोठे आहेत."

बास. एवढंच मागणं होतं. हातचं काम एकदा डोळ्याने पाहायचं, डोळा आहे तोवर.

फॉर्मने चित्र परत केलं, दीड सेकंदात. लाल अक्षरांत: रिझोल्युशन कमी आहे, प्रत्यक्ष आकारात इंचाला तीनशे ठिपके हवेत.

रोंडा हसली. मग हसू ओसरलं. इंचाला तीनशे ठिपके लागतात पुस्तकाला, हातात धरून वाचायच्या कागदाला. नाक आणि कागद यांच्यात फूटभर अंतर असतं म्हणून. भिंत बघतात वीस फुटांवरून, खांद्यावर स्केट्स टाकून, पोराला ओढत. तिथे इंचाला पंधरा-वीस ठिपके असले तरी कोणाच्या बापाला फरक कळत नाही. रस्त्याकडेच्या जाहिरातीच्या जवळ जाऊन बघा कधी, एकेक ठिपका वाटाण्याएवढा असतो. शिवाय हे काही फोटोतलं झाड नव्हतं. इथे एक ठिपका म्हणजे एक मणी. तो वाढवायचा म्हणजे फक्त मोठा करायचा. कडा जिथे आहे तिथेच, रंग आहे तोच. एका ठिपक्याचे नव्वद बाय नव्वद करा, इंचाला तीस होतात, आणि भिंत तयार.

पण तुमच्या फॉर्मला तीनशेच हवे होते. म्हणून तिने तेही करून पाहिलं. दोनशे अठ्ठ्याऐंशी इंच गुणिले तीनशे: आडवे शहाऐंशी हजार चारशे ठिपके. उभे छत्तीस हजार. एकूण तीनशे अकरा कोटींच्या वर. फॉर्म फक्त जेपेग घेत होता, आणि जेपेग फायलीत एका बाजूला पासष्ट हजार पाचशे पस्तीसच्या पुढे ठिपके मावतच नाहीत. तुमच्या अटीत बसणारी फाइल तुमच्याच फॉर्ममध्ये जन्माला येऊ शकत नव्हती. ही अट लिहिली कोणी? छापखान्याचा उंबरा तरी ओलांडला होता का त्याने?

तिने हे सगळं दुकानात आर्वोला सांगितलं. आर्वो लेहतिनेन, दुकानाचा मालक, अडुसष्ट वर्षांचं, मूळ फिनलंडचं जुनं खोड, ज्याला दिवसातून वीस शब्दांवर बोलायला लागलं तर घसा दुखतो.

"बाकीच्यांनी काय केलं?" आर्वोने विचारलं.

"आकाराच्या रकान्यात चोवीस इंच टाकले असतील. चोवीस फुटांच्या जागी. म्हणजे तीनशेची अट सहज बसते."

"खोटं."

"खोटंच."

"मग आत गेले."

"गेले."

आर्वोने कॉफी संपवली. "तू पत्र लिही," म्हणाला.

रोंडाने लिहिलं. साध्या भाषेत, चित्रासकट, मावशीच्या डोळ्यांबद्दल तिसऱ्या ओळीत, मण्याच्या मापाबद्दल चौथीत, निळ्या मण्याबद्दल पाचवीत. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: चित्र समितीला फार आवडलं, मंजूर आहे, रिझोल्युशनची तांत्रिक बाब आमचे सल्लागार बघून घेतील. रोंडाने ते पत्र मावशीला दोनदा वाचून दाखवलं. मावशीने दोन्ही वेळा 'आमचे सल्लागार' या शब्दांशी मान तिरकी केली.

"कोण हे?"

"असतील कोणीतरी."

"कान कसे असतील त्यांचे?" मावशी म्हणाली. "लहान असणार."

सप्टेंबर संपता संपता छपाईचं काम लेहतिनेनकडेच आलं. गावात दुसरा मोठा प्रिंटर आहेच कुठे? ऑर्डरबरोबर फाइल होती, 'सुधारित' अशा नावाची. रोंडाने उघडली.

मणी नव्हते. एकही नाही. कुठल्यातरी एआयवाल्या सॉफ्टवेअरमधून चित्र काढलेलं. चौकोन वितळवून त्याने खऱ्यासारख्या स्ट्रॉबेऱ्या रंगवल्या होत्या, गुळगुळीत, जॅमच्या बाटलीवर असतात तशा. फळांवर पिवळ्या बिया. पानावर दवाचे थेंब, दोन थेंबांत खिडकीचं प्रतिबिंब. कुठली खिडकी? आणि बाविसावी ओळ आता ओळच नव्हती, पण जिथे ती असायला हवी होती तिथे फळ लालच लाल होतं. सोबत चिठ्ठी: मूळ फायलीत रंगाचा एक दोष आढळला, तो विनाशुल्क दुरुस्त केला आहे.

रोंडाने फोन उचलला. तुमच्या कचेरीत केन्ड्रिक नावाचा माणूस बसतो. आवाज छान आहे त्याचा, रेडिओवर शोभेल.

"मिस बॅनन! आवडलं ना? आम्ही सगळे इथे थक्क झालो."

"हे माझ्या मावशीचं चित्र नाही."

"अहो, तेच आहे. फक्त हाय-रिझोल्युशन."

"केन्ड्रिक साहेब, ते मण्यांचं काम होतं. मणी कुठे गेले?"

"ते चौकोन? पिक्सेल फुटले होते ना, म्हणून तर सल्लागारांना द्यावं लागलं."

"फुटले नव्हते. तेच मणी होते. मी पत्रात लिहिलं होतं."

"पत्र सल्लागारांकडे गेलं असेल."

"आणि निळा मणी?"

"तो दोष? हे बघा, उद्घाटनाला महापौर येणार. लालात एक निळा ठिपका दिसला तर लोक म्हणतील, छापणाऱ्याने घाण केली. तुमच्याच दुकानाचं नाव खराब होईल. तुमच्या भल्यासाठीच सांगतोय."

"आमच्या दुकानाचं आम्ही बघू. तो मणी तिने मुद्दाम ठेवलाय."

"मुद्दाम चूक?" तो हसला. हसण्यात वाईटपणा नव्हता. खरंच कळलं नव्हतं त्याला. "मुद्दाम चूक कोण करतं?"

"मी पुन्हा लिहून पाठवते," रोंडा म्हणाली. "यावेळी तुम्ही वाचा, तुमचे सल्लागार नकोत."

तिने पुन्हा लिहिलं. उत्तर नाही. पुन्हा लिहिलं. उत्तर नाही. भिंतीची तारीख जवळ येत चालली.

तेव्हा आर्वोने दोन पट्ट्या छापल्या. चार-चार फूट रुंद, मधल्या फळाच्या. एक तुमच्या फायलीची, एक मावशीच्या. दुकानामागच्या शेडच्या दारावर त्या शेजारी-शेजारी लावल्या, वीस पावलं मोजली, आणि तिथे एक घडीची खुर्ची मांडली.

"तिला आण," म्हणाला.

दुपार ढगाळ होती, ऊन आडवं येत नव्हतं. रोंडाला तेवढं बरं वाटलं. मावशीला कोट घालून, हाताला धरून खुर्चीत बसवलं. मावशीने मान डावीकडे वळवली आणि दारावरची डावी पट्टी उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात पकडली. तुमची पट्टी.

"काय दिसतं?" रोंडाने विचारलं.

"धुकं. तांबूस धुकं." मान आणखी तिरकी करून, "कोणाच्या घरी आग लागलीय का?"

आर्वो घशातल्या घशात हसला.

"आता जरा उजवीकडे बघ."

मावशीने मान हलवली. तिचा हात खुर्चीच्या दांड्यावर होता, तो घट्ट झाला. मऊ रंगाला कड नसते, आणि तिच्या डोळ्याला आता फक्त कड पकडता येत होती: इथे लाल संपला, इथे पांढरा लागला. तीन-तीन इंचांच्या सरळ कडा तिच्यापर्यंत पोचल्या. ती मोजायला लागली, पुटपुटत, बोटं मांडीवर सुई धरल्यासारखी. मग उठलीच खुर्चीतून. रोंडा धावली, पण आर्वोने तिला हाताने अडवलं. मावशी वीस पावलं एकटी चालली, जरा डावीकडे जात, जरा सावरत, आणि निळ्या मण्यावर तळवा ठेवला.

"हा माझा," ती म्हणाली. "आणि त्या बाजूचं कोणाचं आहे?"

रोंडा तिचा कोट सावरायला पुढे झाली.

"ज्याचं असेल त्याला परत द्या. हरवलं म्हणून रडत असेल बिचारा."

संध्याकाळी आर्वोने ऑर्डरचे कागद टेबलावर पसरले. चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि समितीच्या मंजुरीच्या पानावर बोट ठेवलं. त्या पानावर छोटं चित्र डकवलेलं होतं, मंजूर केलेलं म्हणून. मावशीचंच. चौकोनांचं. निळ्या मण्यासकट, भिंग लावलं तर तोही दिसत होता.

"मंजूर काय झालं?" आर्वो म्हणाला.

"हे."

"मग हे छापायचं."

"केन्ड्रिक ओरडेल."

"त्याला कळव. पट्टीचा फोटो पाठव. नको असेल तर नको म्हणायला आठवडा आहे त्याच्याकडे."

"आर्वो, गावाची सगळी कामं त्यांच्याकडून येतात. बर्फ काढण्याच्या पाट्या, मतदानाच्या पाट्या—"

"मी चाळीस वर्षं पाट्या लिहितोय," आर्वो म्हणाला. "चूक छापायला कोणी सांगितलं तर छापतो. बरोबर पुसायला सांगितलं तर नाही." एवढं बोलून त्याचा दिवसाचा कोटा संपला, आणि तो निघून गेला.

रोंडाने कळवलं. तारीख, फोटो, मंजुरीच्या पानाची प्रत, सगळं जोडून. आठवडा गेला. तुम्ही हो म्हणाला नाहीत, नाही म्हणाला नाहीत. तुमच्याकडे हे कोणी वाचलं की नाही, हेही आजवर कोणाला माहीत नाही.

व्हायनलचे, म्हणजे मागून चिकट असलेल्या प्लास्टिकचे, सहा पट्टे झाले, प्रत्येक चार फुटांचा, म्हणजे नेमके सोळा मणी. सांधा कुठेही मणी चिरत नव्हता. दोन दिवस लागले भिंतीवर चढवायला. निळा मणी चौथ्या पट्ट्यात, जमिनीपासून साडेपाच फुटांवर. रोंडाच्या कपाळाच्या उंचीवर आला तो.

उद्घाटनाच्या शनिवारी गर्दी होती. महापौरांनी चित्राकडे पाठ करून आपल्या वारशाबद्दल अकरा मिनिटं भाषण केलं. केन्ड्रिक कोपऱ्यात उभा होता. त्याने भिंतीकडे पाहिलं, कपाळाला आठ्या घातल्या, फोन काढला, पुन्हा खिशात घातला. मावशी समोरच्या बाकावर बसली होती, मान तिरकी करून, आणि जुन्या कँटीनची पोरं, आता बाप्ये झालेली, एकेक येऊन तिला मिठी मारत होती.

"फिल मावशी, तो निळा बघ चुकून लागलाय," एका दाढीवाल्याने सांगितलं.

"तू पाच वर्षांचा असताना डाव्या पायातला स्केट उजव्यात घालून आला होतास," मावशी म्हणाली. "तुला चुका दिसायला लागल्या, वा!"

ती तासभर बसली. मग रोंडाच्या आधाराने उठली, भिंतीपाशी गेली, हात वर करून तळवा त्या मण्यावर ठेवला. रोंडाला वाटलं ती काहीतरी पुटपुटेल, प्रार्थना वगैरे. ती म्हणाली, "गुळगुळीत आहे गं. पण सांडत नाही."

मग ती दर मंगळवारी यायला लागली, गरोदर बायकांच्या आणि म्हाताऱ्यांच्या चालण्याच्या वेळेला. बाकावर बसायची, मोजायची, तळवा ठेवायची, घरी जायची.

तिसऱ्या मंगळवारी ती मोजता मोजता थांबली.

"रोंडा. तो गेला."

रोंडाला वाटलं, डोळा गेला. भिंतीकडे पाहण्याआधी तिने मावशीच्या तोंडाकडे पाहिलं. मग भिंतीकडे. बाविसाव्या ओळीत एकसष्टाव्या घरात लाल चौकोन होता. ती जवळ गेली. वरून चिकटवलेला. व्हायनलचाच, पण वेगळ्या रोलचा. लाल जरा नारिंगीकडे झुकणारा, आणि वरचा डावा कोपरा केसभर तिरका. मण्याच्या निळ्या कडेची एक रेघ खालून डोकावत होती.

"काय झालंय?" मावशीने मागून विचारलं. "खरं सांग."

रोंडाने सांगितलं. रंग कसा आहे, कोपरा कसा आहे, सगळं.

मावशीने खिशातून रुमाल काढला. मग तिचे खांदे हलायला लागले. रडतेय असं वाटून रोंडा तिच्याजवळ धावली, तर ती हसत होती.

"तिरका लावलाय? आणि लाल दुसराच?"

"हो."

"म्हणजे चूक राहिलीच की! एक मणी अजूनही चुकीचाच आहे." हसता हसता ती खोकली, रुमालाने डोळे पुसले, आणि हसू तिथेच संपलं. "पण तो माझा नाही गं. मी माझा शोधायला येते."

रोंडाचं नख त्या कोपऱ्याखाली गेलं होतं. एक ओढ, बास. अठरा वर्षांत असे हजार तुकडे तिने काढले होते. खालचा रंगही बिघडला नसता.

"काढू?"

"नको."

"मावशी, एका सेकंदाचं काम आहे!"

"तू काढलास तर ते उद्या दुसरा लावतील. मग तू पुन्हा काढशील. माझ्याकडे तेवढे मंगळवार नाहीत." मावशीने हाताने हवेत चाचपलं, रोंडाचं मनगट सापडलं, आणि ते भिंतीवरून खाली आणलं. "ज्याने लावला त्यालाच काढू दे. माझ्यासमोर. मला बघायचंय तो कोण आहे ते."

"तुला दिसणार नाही तो."

"कान दिसतील."

त्या दिवसापासून रोंडाने तुम्हाला सहा पत्रं पाठवली. पहिल्याला 'तुमचा संदेश मिळाला' असं यंत्राचं उत्तर आलं. दुसऱ्याला तेच. तिसऱ्यापासून तेही नाही. केन्ड्रिक म्हणतो, देखभाल विभागाने केलं असेल. देखभाल विभाग म्हणतो, वरून चिठ्ठी आली. वरचे म्हणतात, असा कुठला मणी आम्हाला माहीत नाही. आणि फिलोमीन लगार्ड दर मंगळवारी येते, कोट काढत नाही, बाकावर बसते, मान तिरकी करते. मागच्या मंगळवारी ती चौदाव्या ओळीपर्यंतच मोजू शकली. परवा पहिला बर्फ पडला.

तो तुकडा कोणी चिकटवला? कोणाच्या चिठ्ठीवरून? सरोवर गोठायच्या आत तो तिच्यासमोर काढायला कोण येणार आहे?

नाव सांगा. वार तिने ठरवलेलाच आहे.